गाणी आधी ऐकू की थांबू?

प्रश्न : डिस्नेचा ‘फ्रोझन’ हा ॲनिमेशनपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पहिलीत होते, आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसरा भाग २४ नोव्हेंबर २०२७ला येणार असं जाहीर झाल्यापासून आम्हा अकरा मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नाही. त्यातली एक रोज कुठून तरी ‘लीक’ आणून टाकते, दुसरी चिडून ग्रुप सोडते, रात्री परत येते. यूट्यूबवर तर दर आठवड्याला ‘नवा ट्रेलर’ असतो. गाणी सिनेमाच्या आधी आली तर ऐकावीत का? लीक खरे असतात का? सांगलीत इंग्रजी शो मिळाला नाही तर हिंदीत बघावा का? अकरा जणींची तिकिटं एकत्र कशी काढायची? सोबत माझी भाची असेल, तेव्हा ती सहा वर्षांची होईल. आणि खरं सांगते, दुसऱ्या भागाची इतकी वाट पाहिली होती की पाहून आल्यावर रडूच आलं. या वेळी तसं होऊ नये म्हणून काय करू?
— मृण्मयी, सांगली

उत्तर :

मृण्मयी,

प्रश्न बरेच विचारलेस, पण गाठ एकच आहे, गाण्यांची. ती आधी सोडवू.

आपल्या संगीत नाटकात पद रंगलं की वन्समोअर मिळायचा आणि कथा तेवढा वेळ खुशाल खोळंबायची. ‘फ्रोझन’च्या जातीच्या सिनेमात उलटं असतं. पात्र निर्णय घेतं ते गाता गाता. गाणं सुरू होताना ते जिथे असतं, तिथे गाणं संपताना नसतं. म्हणून अशा सिनेमाचा अल्बम म्हणजे जवळजवळ पटकथेचा गोषवारा, आणि तो सिनेमाच्या आधी बाजारात येतो. ‘फ्रोझन २’चा अल्बम १५ नोव्हेंबर २०१९ला आला, सिनेमा २२ला. डिस्नेच्याच ‘मोआना २’चा अल्बम २२ नोव्हेंबर २०२४ला, सिनेमा अमेरिकेत २७ला. यादीत गाणी साधारण सिनेमातल्या क्रमानेच लावलेली असतात. ‘फ्रोझन २’च्या यादीत मूळ गाण्यांपैकी शेवटचं होतं धाकटी राजकन्या ॲना हिचं ‘द नेक्स्ट राइट थिंग’. सगळं गमावून अंधारात बसलेल्या माणसाचं गाणं आहे ते. ज्यांनी ते १५ तारखेला ऐकलं, त्यांना ॲनावर काय वेळ येणार आहे हे आठवडाभर आधी कळून चुकलं होतं. गाणं ऐकलंही पाहिजे असं नाही, नावसुद्धा पुरतं. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या १९९९च्या ‘द फँटम मेनेस’चा अल्बम सिनेमाच्या पंधरा दिवस आधी आला आणि त्यातल्या एका तुकड्याच्या नावातच एका मुख्य पात्राची अंत्ययात्रा होती. पाकिटाची मागची बाजू वाचणाऱ्याला शेवट कळला.

तेव्हा आमचा सल्ला असा. ट्रेलरमध्ये जे गाणं वाजतं ते हवं तितकं ऐक, ते टाळता येणारच नाही. अल्बम आल्यावर यादीतली पहिली तीन गाणी ऐकायला हरकत नाही, कारण ती मांडणीची असतात. ‘फ्रोझन २’मध्ये पहिली तीन म्हणजे आईची अंगाई, सगळ्यांचं मिळून गाणं आणि ‘इन्टू द अननोन’. तिन्ही पहिल्या अर्ध्या तासातली. चौथ्यापासून पुढे थांब. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यादी स्वतः उघडू नकोस. गोष्ट आधीच कळण्याचं, म्हणजे स्पॉयलरचं, काही न वाटणारी एखादी मैत्रीण प्रत्येक ग्रुपमध्ये असते. तिला या तीनच गाण्यांची वेगळी प्लेलिस्ट करून पाठवायला सांग. ती लावण्याआधी ॲपमधला ऑटोप्ले बंद कर, नाहीतर तिसरं संपताच चौथं आपोआप सुरू होतं. सगळं नीट ठरवलेल्यांची चूक नेमकी इथे होते. शेवटच्या नामावलीवर वाजणाऱ्या, दुसऱ्या गायकांनी म्हटलेल्या आवृत्त्यांनाही हाच नियम, शब्द तेच असतात. आणि मोठ्या, ‘डीलक्स’ आवृत्तीकडे सिनेमा पाहीपर्यंत फिरकूच नकोस. तिच्यात पार्श्वसंगीताचे तुकडे असतात, आणि त्यांची नावं गाण्यांपेक्षा जास्त बोलकी असतात.

एक अपवाद. इंग्रजी गाण्याचे शब्द थिएटरच्या दणदणाटात कानाला पकडता येत नसतील, तर त्या तीन गाण्यांचे बोल आधी वाचून जा. ज्यांना शब्द कळत नाहीत ते गाण्यात गोष्ट पुढे सरकलेली हुकतात, आणि नंतर म्हणतात, ‘कथा उगाच गुंतागुंतीची होती.’

आता लीक. ते खरे असतात का, हा प्रश्नच थोडा अपुरा आहे. फुटलं त्या दिवशी खरं असलेलं, सिनेमा लागेपर्यंत खोटं झालेलं असू शकतं. या स्टुडिओचे सिनेमे अखेरपर्यंत उसवले आणि शिवले जातात. पहिल्या भागात ॲनाची थोरली बहीण एल्सा खलनायिका म्हणून आखली होती. तिचं ‘लेट इट गो’ हे गाणं लिहून झालं आणि ते ऐकून कथाच फिरवली गेली. दुसऱ्या भागाच्या निर्मितीवर २०२० मध्ये सहा भागांची माहितीमालिका आली. तिच्यात दिसतं की प्रदर्शनाला मोजके महिने उरले असताना ‘शो युवरसेल्फ’ या गाण्याचा पेच सुटलेला नव्हता, कारण एल्साला साद घालणारा आवाज कोणाचा यावरच एकमत होत नव्हतं. करणाऱ्यांचंच ठरलेलं नाही ते वर्षभर आधी तुमच्या ग्रुपवर टाकणारी मैत्रीण कशाच्या जोरावर सांगते, हे तिला प्रेमाने विचार.

याला अपवाद खेळण्यांचा. बाहुल्यांचे साचे, कपडे, खोकी ही महिनोन्‌महिने आधी तयार करावी लागतात, त्यामुळे खेळण्यांमधून फुटलेली गोष्ट बहुतेक खरी निघते. ‘फ्रोझन २’ची खेळणी ४ ऑक्टोबर २०१९ला, म्हणजे सिनेमाच्या सात आठवडे आधी दुकानात आली होती. २०२७च्या ऑक्टोबरमध्ये भाचीसाठी दिवाळीची खरेदी करताना खेळण्यांच्या रांगेत आणि खरेदीच्या ॲपवर जपून. सिनेमाच्या कथेची मुलांची पुस्तकंही त्याच सुमारास येतात. ती तर चाळूच नकोस, त्यात शेवट चित्रासकट असतो.

‘नव्या ट्रेलर’चं गणित सोपं आहे. ‘फ्रोझन २’ची पहिली झलक १३ फेब्रुवारी २०१९ला आली, म्हणजे नऊ महिने आधी. ‘मोआना २’ची २९ मे २०२४ला, म्हणजे सहा महिने आधी. त्या हिशेबाने नोव्हेंबर २०२७च्या सिनेमाची खरी झलक २०२७च्या पूर्वार्धात अपेक्षित धर. त्याआधी जे दिसेल ते बहुधा एआयने बनवलेलं किंवा जुन्या दृश्यांची गोधडी. खात्री करायची तर चॅनलचं नाव बघ, खालच्या मजकुरात ‘कन्सेप्ट’ असा शब्द दडलाय का बघ, आणि तीच चित्रफीत डिस्नेच्या स्वतःच्या चॅनलवर आहे का हे शोध. तिथे नसेल तर पुढे पाठवू नकोस. खोट्या ट्रेलरने मोठं नुकसान होत नाही, पण महिनाभर खोट्या एल्साची सवय झाली की खरी अनोळखी वाटते.

मोबाइलची तटबंदी प्रदर्शनाच्या सहा आठवडे आधी कर. एक्सवर शब्द म्यूट करता येतात, इन्स्टाग्रामवर सुचवल्या जाणाऱ्या पोस्टमधले नको ते शब्द नोंदवता येतात. नुसतं सिनेमाचं नाव घालून भागत नाही. इंग्रजी स्पेलिंग, देवनागरीत ‘फ्रोझन’ आणि ‘फ्रोजन’ दोन्ही, पात्रांची नावं, आवाज देणाऱ्या कलाकारांची नावं आणि हॅशटॅग, असे दहा-बारा शब्द होतात. तरीही गळती होते, कारण ही चाळणी अक्षरं वाचते, चित्रं वाचत नाही. मीम आणि यूट्यूबच्या व्हिडिओवरचं मुखचित्र तिच्यातून सुटतं. यूट्यूबवर जाहिरातीच्या काळात पाहण्याचा इतिहास थांबवून ठेव, आणि असा व्हिडिओ समोर आला की ‘या चॅनलची शिफारस नको’ हा पर्याय दाब. पुढे काय होणार याची एखादी थिअरी कुतूहलाने उघडलीस की पुढचे चार दिवस तेच ताट वाढलं जातं.

सर्वांत धोक्याचे दिवस मोजकेच आहेत. २४ नोव्हेंबर २०२७ हा बुधवार आहे, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाचा आदला दिवस. भारतात इंग्रजी सिनेमे सहसा शुक्रवारी लागतात. ‘मोआना २’ तिकडे बुधवारी लागला आणि इकडे शुक्रवारी, २९ नोव्हेंबरला. तसंच झालं तर दोन दिवस असे असतील की अर्ध्या जगाने सिनेमा पाहिलाय आणि सांगलीने नाही. त्या दोन दिवसांत इन्स्टाग्राम काढूनच टाक.

ग्रुपचं भांडण नियमाने मिटेल, रुसव्याने नाही. दोन ग्रुप करा, एक कोरडा, एक गळका. गळक्यात ज्यांना जायचंय त्या जातील. कोरड्यात फक्त अधिकृत ट्रेलर, तारखा आणि तिकिटं. व्हॉट्सॲपवर मजकूर झाकायची सोय नाही. लांब मजकूर ‘आणखी वाचा’खाली दुमडला जातो, पण सूचनेत पहिल्या ओळी दिसतातच. झाकायची सोय टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर आहे, म्हणून गळका ग्रुप तिकडेच थाटा. कोरड्या ग्रुपमध्येही फोटो आपोआप डाउनलोड होणं प्रत्येकीने बंद करा, नाहीतर चुकून आलेलं चित्र थेट गॅलरीत जाऊन बसतं.

आता तुझ्या रडण्याविषयी, कारण आम्हाला पत्रातली तीच ओळ खरी वाटली.

पहिल्या भागाची वाट कोणी पाहतच नव्हतं. २०१३च्या त्याच्या पहिल्या झलकेत बर्फाचा बाहुला ओलाफ आणि रेनडिअर स्वेन एका गाजरासाठी झटापट करतात, बस. हा गाण्यांचा सिनेमा आहे याची पुसटशी कल्पनाही तिच्यात नव्हती. लोक काहीही न मागता गेले आणि झोळी भरून परतले. दुसऱ्याच्या झलकेला पहिल्या चोवीस तासांत ११ कोटी ६४ लाख वेळा पाहिलं गेलं. तुम्ही सगळ्या ‘लेट इट गो’ परत मागायला गेलात. पण ते गाणं कोणी बेत करून बनवलेलं नव्हतं, त्याने तर बेतच मोडला. ते पुन्हा मागवता येत नाही. कमाईत दुसरा भाग पहिल्याच्या पुढे गेला, तरी ऑस्करला ॲनिमेशनपटांच्या यादीत त्याला नामांकनही मिळालं नाही, फक्त गाण्याला मिळालं. म्हणजे हिरमुसलेली तू एकटी नव्हतीस. आमच्या मते मात्र ‘शो युवरसेल्फ’ रचनेने ‘लेट इट गो’पेक्षा सरस आहे. ते पहिल्या ऐकण्यात कळत नाही, इतकंच.

या वेळी तीन गोष्टी वेगळ्या कर. आधीचे भाग आदल्या रात्री बघू नकोस. कानात जुनी चाल घुमत असली की नवी फिकी वाटते. उजळणी दोन ते तीन आठवडे आधी उरकून घे : पहिला भाग १०२ मिनिटांचा, दुसरा १०३ मिनिटांचा. मधले छोटे पट, ‘फ्रोझन फीवर’ आणि ओलाफची २१ मिनिटांची नाताळकथा, कथेसाठी गरजेचे नाहीत. वेळ कमी असेल तर दुसराच बघ. कथा त्याच्या शेवटी येऊन थांबली आहे, एल्सा जंगलात आणि ॲना अरेंडेल राज्याच्या गादीवर.

दुसरं, थिअरी आवर. दोन वर्षं मनात वाढवलेली थिअरी हाच तुझा सिनेमा होऊन बसतो, आणि पडद्यावरचा त्याच्याशी स्पर्धेत हरतो. तुझा अंदाज एका कागदावर लिही, पाकिटात घाल, ताईकडे ठेवायला दे. डोक्यातून उतरतो. त्याऐवजी ‘फ्रोझन २’ची वगळलेली गाणी ऐक, ‘होम’, ‘गेट धिस राइट’, ‘आय सीक द ट्रुथ’. वाट बघण्याच्या काळात याहून चांगला अभ्यास नाही. चांगलं गाणंसुद्धा गोष्टीत बसत नाही म्हणून कसं काढून टाकतात ते कळतं, आणि मग नव्या सिनेमात ‘इथे एक गाणं हवं होतं’ असं म्हणताना जीभ थोडी अडखळते.

तिसरं, दोनदा बघायचं असं आधीच ठरव आणि दुसऱ्या तिकिटाचे पैसे बाजूला काढ. पहिल्यांदा गोष्ट, दुसऱ्यांदा गाणी. दुसरा खेळ पुढच्या आठवड्यातला, सोमवार ते गुरुवारचा, तेव्हा तिकीट सहसा स्वस्त असतं. मधल्या दिवसांत अल्बम पूर्ण ऐक. पहिल्याच खेळावर निकालाचं ओझं टाकलंस की घोटाळा होतो.

हिंदी की इंग्रजी? ‘फ्रोझन २’ भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला, मराठीत नाही. हिंदीत एल्साला प्रियांका चोप्रा आणि ॲनाला परिणीती चोप्रा यांचा आवाज होता, एल्साची गाणी सुनिधी चौहानने गायली. हिंदीला नाक मुरडू नकोस. डबिंगच्या गाण्यात मात्रा जुळवाव्या लागतात, शिवाय पडद्यावरच्या ओठांचा आकारही. ‘लेट इट गो’चं हिंदीत ‘फना हो’ झालं, ते या दृष्टीने बघ. ‘गो’ आणि ‘हो’, दोन्हीकडे तोंडाचा गोल तोच. असं जमलं की डब केलेलं गाणं कळतसुद्धा नाही. न जमलं तर ओठ एक बोलतात, कान दुसरं ऐकतात. आमचं मत : तुम्ही अकरा जणी मूळ आवाजांवर वाढलेल्या आहात, पहिला खेळ इंग्रजी बघा. भाचीसोबतचा हिंदी. त्यात दुसऱ्या खेळाची सोयही झाली.

सांगलीत इंग्रजी खेळ लागला तरी एखादाच असेल, बहुधा अडनिड्या वेळी. खेळांच्या वेळा त्या आठवड्याच्या मंगळवार-बुधवारपर्यंत हलत असतात, तेव्हा कोल्हापूरचा बेत आधीच पक्का करून गाडी ठरवू नका. तिकिटांचं सांगायचं तर बुकमायशोवर एका व्यवहारात दहाच निघतात, आणि तुम्ही अकरा. शेवटची एकटी पडते ती अशी. दोघींनी दोन फोनवरून एकाच वेळी काढा, एकीने सहा, दुसरीने पाच, पुढच्या-मागच्या दोन रांगांत एकाखाली एक. एका रांगेत अकरा सलग जागांचा हट्ट धरलात तर कडेच्या दोघी भिंतीला टेकतील. जागा निवडल्यावर काहीच मिनिटं अडवून ठेवलेली असतात. यूपीआय अडकलं तर जागा सुटतात आणि पैसे परत यायला काही दिवस लागतात, म्हणून खात्यात दुपटीने पैसे असू द्या. पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध, हा पट्टा धरा. आवाजाचा तोल साधारण तिथेच बसवलेला असतो. थ्रीडी आणि चांगल्या ध्वनियंत्रणेचं सभागृह यांत निवडायची वेळ आली तर ध्वनी निवडा. गाण्यांच्या सिनेमात चष्म्याने प्रकाश मंदावतो तेवढंच पदरात पडतं.

भाचीचा हिशेब तुमच्या उलट आहे. सहा वर्षांच्या मुलाला स्पॉयलर हा प्रकार माहीत नसतो. ओळखीचं गाणं आलं की त्याला आनंद होतो, अनोळखी अंधार आला की ते रडतं. तिला सगळी गाणी आधी ऐकव, तीही हिंदीतली. मध्यंतरानंतर जे काही भीतीचं येईल तिथे चाल ओळखीची असली की ती मांडीवर न चढता बसते. थ्रीडी नकोच, चष्मा तिच्या नाकावर ठरणार नाही. प्रमाणपत्र नक्की बघ. ‘फ्रोझन २’ला ‘यू’ होतं, पण नोव्हेंबर २०२४पासून ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन प्रकार झाले आहेत. ७+ असेल तर तिला आणायला मनाई नाही, निर्णय तिच्या आईचा. अडचण एकच : गाणी पाठ झाल्यावर ती घरभर म्हणत फिरणार, चौथ्यापासून शेवटच्यापर्यंत. तो आठवडा तू ताईच्या घरी जाऊ नकोस.

पहिल्या खेळाला मोठ्याने गाऊ नका. शेजारच्याने त्याचा पहिला खेळ त्याच पैशात घेतलाय. गायचंच असेल तर दुसऱ्या आठवड्यातला रिकामा दुपारचा खेळ आहे.

आणि पडद्यावर नावं सुरू झाली की उठू नका. पहिल्या दोन्ही भागांत नामावली संपल्यावर एक छोटा प्रसंग होता, दुसऱ्यात तर ओलाफ सगळी गोष्ट नव्याने सांगून दाखवतो. आपल्याकडे नावं दिसताच दिवे लागतात आणि दारं उघडतात, म्हणून बहुतेकांनी तो थिएटरात पाहिलेलाच नाही. झाडणारे मामा आले तर पाय वर घ्या, पण बसून राहा.